खिशातला येसकर

आगरदांड्याच्या जेटीवर आम्ही दिघीकडे जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभे होतो. समोर राजपुरीची खाडी, खाडीच्या मुखाशी जंजिरा, पलीकडे दिघी बंदर. माझ्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता; बौद्धवाडीतला, घरातला पहिला पदवीधर. त्याने हप्त्यांवर नवा मोबाइल घेतला होता आणि तो मला कौतुकाने दाखवत होता. दाखवता दाखवता म्हणाला, "सर, ह्यात मी न मागितलेल्या कितीतरी गोष्टी आधीच भरून आल्यात. काही काढून टाकाव्या म्हटलं तर निघत नाहीत." मी म्हणालो, "निघत नाहीत, कारण त्या तुझ्यासाठी ठेवलेल्याच नाहीत." त्यावरून सरकारी अ‍ॅपच्या सक्तीचा विषय निघाला. तेव्हा तो सहज बोलून गेला, "पण सर, आपण कुठं चोरी करतो? सरकारनं बघितलं तर आपलं काय बिघडतं?"

बोट लागली, माणसे-मोटारसायकली चढल्या आणि माझे उत्तर अर्धवट राहिले.

हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाही. अभ्यासशिबिरांत तो मी कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकला आहे, थोड्या वेगळ्या भाषेत. खाजगीपणा हे बंगल्यात राहणाऱ्यांचे दुखणे आहे. ज्यांच्या खोपटाला दारच नाही त्यांनी कडीची चिंता का करावी? जमिनीचा, नोकरीचा, अत्याचाराचा प्रश्न सोडून ही चैन आपल्याला परवडणारी नाही. ही भूमिका प्रामाणिक आहे, परंतु ती चुकीची आहे. आणि ती का चुकीची आहे हे आपल्याच इतिहासाच्या आणि आपल्याच साहित्याच्या आधाराने दाखवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

१

आधी आदेश वाचू. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मोबाइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना फर्मावले की, देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये 'संचार साथी' हे सरकारी अ‍ॅप आधीच बसवलेले असावे. मोबाइल पहिल्यांदा चालू करतानाच ते डोळ्यांसमोर यावे. त्याची कामे बंद केलेली वा आखडलेली नसावीत. जे मोबाइल दुकानांकडे रवाना झाले आहेत त्यांत ते सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीबरोबर पाठवावे. मुदत ९० दिवसांची. अ‍ॅपची सांगितलेली कामे उपयोगाची होती: चोरीला गेलेला मोबाइल बंद पाडणे, आपल्या नावावर परस्पर कोणी सिमकार्डे घेतली आहेत काय ते पाहणे, फसवणुकीची तक्रार करणे. देशभर ओरड झाली. २ डिसेंबरला खात्याचे मंत्री म्हणाले, नको असेल तर काढून टाका. ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली.

प्रकरण मिटले असे वर्तमानपत्रांनी मानले. समीक्षकाने तसे मानू नये. मागे घेतलेल्या मजकुरातही लिहिणाऱ्याची दृष्टी शिल्लक राहते. ह्या आदेशाचे व्याकरण पाहा. हुकूम देणारे सरकार आहे. हुकूम पाळणारी कंपनी आहे. बसवायचे ते अ‍ॅप आहे. ज्याच्या पैशाने मोबाइल घेतला तो नागरिक ह्या वाक्यात कुठे आहे? तो कर्ता नाही आणि कर्मही नाही. तो अधिकरण आहे. ज्याच्या खिशात ही क्रिया घडायची ते नुसते ठिकाण. आपल्या लोकांना हे व्याकरण नवे नाही. गावगाड्याच्या वाक्यात आपण शतकानुशतके अधिकरणातच होतो.

गावगाड्यात एक येसकर असे. वेशीवर उभे राहायचे, गावात कोण आले-गेले त्याची खबर चावडीला द्यायची, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचे, पाटील-कुलकर्ण्यांनी हाक मारली की हातातले काम टाकून धावायचे. हे काम महारांच्या माथी होते. म्हणजे पाळतीची व्यवस्था आपल्यावर होती एवढेच नाही; त्या व्यवस्थेची काठीही आपल्याच हाती दिलेली होती आणि मोबदला होता शिळ्या भाकरीचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले, ते ह्याच गुलामीच्या विरुद्ध. ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले.

आज प्रत्येकाच्या खिशात एक येसकर उभा आहे. तो आपली वेस राखतो, आपले टपाल वाहतो, आणि चावडीवरून हाक आली की आपल्याला न विचारता खबर देऊ शकतो. त्याची भाकरीही आपणच घालतो; हप्ता आपला, रिचार्ज आपला, वीज आपली. ज्या समाजाने येसकरकी लाथाडली, त्याच समाजाचा शिकलेला मुलगा आज विचारतो की बघितले तर काय बिघडते! ह्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो तो ह्यामुळे.

२

येसकर यंत्रात शिरला कसा, हे समजून घ्यायला यंत्राची थोडी माहिती हवी. संगणक असो वा मोबाइल, त्याचा सगळा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम नावाच्या मूळ आज्ञावलीकडे असतो. कोणत्या कामाला जागा द्यायची, कोणाला कॅमेरा वापरू द्यायचा, कोणाला बाहेरच्या जगाशी बोलू द्यायचे, हे ती ठरवते. तिच्यावर चालणाऱ्या अ‍ॅपला आपण नाही म्हणू शकतो. तिला नाही म्हणायची सोय नसते, कारण नाही म्हणण्याची कळही तिच्याच ताब्यात असते.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी संगणक आणि इंटरनेट ह्या दोन वेगळ्या वस्तू होत्या. टेलिफोनच्या तारेवरून नंबर फिरवायचा, मोडेम किंचाळायचा, मग जोडणी व्हायची. काम झाले की तार तोडायची आणि संगणक पुन्हा एकटा व्हायचा. माणूस इंटरनेटकडे जात असे. आज इंटरनेट यंत्राच्या पोटातच बसवून येते. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती पहिल्यांदा चालू करतानाच इंटरनेटची जोडणी आणि कंपनीकडचे खाते मागते. २०२४ साली त्याच कंपनीने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. संगणकाने थोड्या थोड्या वेळाने पडद्याचे चित्र काढून ठेवायचे, म्हणजे मालकाला जुने काही शोधता येईल. जगभरातून टीका झाली तेव्हा ती सोय लांबली, आणि मालकाने स्वतः चालू केली तरच चालेल असे ठरले. यंत्राने मालकाची रोजनिशी लिहावी, ही कल्पना मात्र कोणाला तरी सुचली होती आणि बाजारात आणावीशी वाटली होती.

ह्या दारातून कोणाचा हात किती आत येतो, ह्याचा एक दाखला आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घडला. ऑगस्ट २०१८ मध्ये देशभरच्या लोकांना आपल्या मोबाइलमधल्या नावांच्या यादीत आधार प्राधिकरणाचा एक जुना मदत क्रमांक दिसू लागला. कोणी तो लिहून ठेवला नव्हता. प्राधिकरण म्हणाले, आम्ही सांगितले नाही. मग गूगलने कबूल केले की, भारतासाठी २०१४ साली तयार केलेल्या अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या मांडणीत तो क्रमांक आपल्याकडून चुकून राहिला आणि पुढे मोबाइल बदलले तरी लोकांच्या यादीबरोबर फिरत राहिला. चूक निरुपद्रवी होती. पण तिने एक गोष्ट शिकवली: परदेशातल्या एका खोलीत लिहिलेली एक ओळ आगरदांड्याच्या कोळणीच्या यादीत येऊन बसते आणि तिला पत्ता लागायला चार वर्षे जातात.

कंपनीचा हात आणि सरकारचा हात वेगळे असतात, असे म्हणून सुटका नाही. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदांनी अमेरिकेत हे दोन हात कसे एकमेकांत गुंतले होते ते दाखवले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ वे कलम सरकारला कोणत्याही संगणकातला मजकूर अडवण्याचा, पाहण्याचा, त्याचे कुलूप उघडून घेण्याचा अधिकार देते. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने असे अधिकार १० यंत्रणांना दिले. परवानगी कोण देणार? गृहसचिव. ती परवानगी योग्य होती की नाही हे तपासणार कोण? सचिवांचीच समिती. न्यायाधीश ह्या वर्तुळात कुठेच नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यातही केंद्राला अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना मोकळे सोडता येते. पाटलाने मारायचे आणि पाटलानेच पंच म्हणून बसायचे, ही रीत आपण गावात पाहिली. तीच आता कायद्याच्या भाषेत वाचतो आहोत.

३

"आपण कुठं चोरी करतो?" ह्या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. पाळत चोरावर असते, साव असेल त्याने भिऊ नये, असे ते गृहीत. आपले साहित्य ह्या गृहीताच्या विरुद्ध साक्ष देते.

१८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. नावे नोंदवायची, हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची मुभा दिली. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला, पण सराईत गुन्हेगारांच्या नावाखाली नवे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ सालचा. लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड ह्यांचे 'उचल्या' १९८७ साली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. 'उचल्या'त पोलीस येतात ते गुन्हा घडल्यावर येत नाहीत. जात पाहून येतात. चोरी कोणीही केलेली असो, झडती ठरलेल्या खोपटांची होते.

प्रस्थापित मराठी समीक्षेने ह्या पुस्तकांचे स्वागत कसे केले? दाहक अनुभव, वेदनेचा आक्रोश, अपरिचित जगाचे दर्शन. विशेषणांची कमतरता पडली नाही. पण ही पुस्तके राज्यसंस्थेच्या पाळतीविषयी एक विचार मांडतात, त्यांत एक सिद्धान्त आहे, हे फारसे कोणी म्हटले नाही. सिद्धान्त असा: पाळत गुन्हा शोधत नाही, ती गुन्हेगार ठरवते. आधी माणसाचे नाव वहीत लिहिले जाते, त्यानंतर घडणारी प्रत्येक गोष्ट त्या नावापुढे मांडली जाते. वही ज्याच्या हाती, खरे-खोटे त्याच्या हाती. आपल्या लेखकांच्या अनुभवाला 'वेदना' म्हणून बाजूला ठेवले गेले, म्हणूनच आपल्या मुलांना आज खाजगीपणाचा विचार परका वाटतो. ह्या दोषातून आपली स्वतःची समीक्षाही सुटत नाही. आपण वेदनेचे समर्थन करण्यात इतके गुंतलो की त्यातला विचार उचलायचा राहिला.

बोटांच्या ठशाचेच पाहा. आज मोबाइल उघडताना आपण दिवसातून पन्नास वेळा अंगठा टेकवतो. ज्यांच्या पणज्याचे ठसे नोंदवहीत जबरदस्तीने उमटवले गेले, त्यांच्या पणतूला ते सोय वाटते. सोय नाकारा असे मी म्हणत नाही. पण सोयीच्या खाली जुनी वही आहे काय, एवढे तरी उलटून पाहिले पाहिजे.

४

बाबासाहेबांवरही पाळत होती. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेब आणि अस्पृश्यांची चळवळ ह्यांविषयीच्या मूळ साधनांचा पहिला खंड १९८२ साली प्रसिद्ध केला. त्यात वर्तमानपत्रांतल्या बातम्यांबरोबर मुंबई सरकारच्या पोलिसांनी तयार केलेल्या गुप्त गोषवाऱ्यांतले उतारे आहेत. इतिहासाचा हा मोठाच विनोद आहे. ज्या सभांकडे पांढरपेशी वर्तमानपत्रे पाहत नव्हती, त्या सभांना पोलिसांचा माणूस हजर होता. आणि आज संशोधक त्याच्या टिपणांचा आधार घेतात. पाळत झाली म्हणून इतिहास राहिला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर हेच की, त्या टिपणांत भाषण आहे, चळवळ नाही. सभेला किती लोक होते, कोण काय बोलले, ठराव कोणते झाले, हे सारे आहे. ठरावापर्यंत माणसे कशी पोचली ते त्यात नाही. कारण पोलिसाचा माणूस सभेत बसू शकत होता, मनात आणि घरात बसू शकत नव्हता.

२४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगावच्या दिशेने निघाले. मुंबई ते सावित्रीची खाडी हा जलमार्ग ह्याच किनाऱ्यावरून जातो. जंजिरा आणि राजपुरीची खाडी मागे टाकल्याशिवाय बाणकोट येत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह करायचा की न्यायालयाच्या मनाईमुळे थांबायचे, हा प्रश्न पुढे उभा होता. परिषदेत त्यावर मते मांडली गेली, सत्याग्रह तहकूब झाला, मनुस्मृती जाळली गेली. हे सारे नोंदले गेले आहे. पण बोटीवरच्या त्या रात्री माणसे आपसात काय बोलली असतील? कोण बाबासाहेबांशी भांडला असेल, कोण घाबरला असेल, कोणी सकाळी आपले मत बदलले असेल? ते कोणाच्या वहीत गेले नाही. त्या बोटीवर कोणाच्याही खिशात येसकर नव्हता.

प्रत्येक चळवळीला अशी एक रात्र लागते. निर्णय होण्याआधीचे भांडण, चुकीचे बोलून दुरुस्त करण्याची मोकळीक, भीती कबूल करण्याची जागा. खाजगीपणा म्हणजे लपवणे असे ज्यांना वाटते त्यांनी चळवळीत कधी रात्रीची बैठक घेतलेली नसावी. जिथे प्रत्येक शब्द कोणाच्या तरी वहीत जाऊ शकतो, तिथे माणसे फक्त भाषणे करतात. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर आज नुसत्या घोषणा आणि शुभेच्छा का उरल्या आहेत, ह्याचा विचार वाचकांनी आपापल्या अनुभवातून करावा.

५

आतापर्यंत मी पाहण्याविषयी बोललो. यंत्राने एक नवी गोष्ट शक्य केली आहे, ती ह्याहून भयंकर आहे. ज्या दारातून पाहता येते त्याच दारातून आत काही ठेवताही येते.

३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला वंदन करायला आलेल्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर जो खटला उभा राहिला, त्यात ६ जून २०१८ रोजी 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे, वकील सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन, महेश राऊत आणि रोना विल्सन ह्यांना अटक झाली. पुढे आणखी अटका झाल्या. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, शरण गेले. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच मरण पावले. आरोपांचा मोठा आधार होता तो संगणकांत सापडलेल्या पत्रांचा.

विल्सन ह्यांच्या वकिलांनी त्या संगणकाची नक्कल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग ह्या संस्थेकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा अहवाल पुढे आला. जून २०१६ मध्ये ई-मेलबरोबर आलेल्या फाइलमधून 'नेटवायर' नावाची घुसखोर आज्ञावली संगणकात शिरली. हल्लेखोराला २२ महिने मोकळीक होती. खटल्यातली १० महत्त्वाची पत्रे एका दडवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली, आणि मालकाने ती उघडल्याची खूण नाही, असे त्यात म्हटले आहे. काही पत्रे तर त्या संगणकात नसलेल्या, 'वर्ड'च्या नव्या आवृत्तीत तयार झालेली होती. गडलिंग ह्यांच्या संगणकाबाबतही असाच निष्कर्ष निघाला. हल्लेखोर कोण, हे अहवालाने सांगितले नाही. तपासयंत्रणेला हा अहवाल मान्य नाही. खरे-खोटे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण आपल्यासाठी धडा निकालाच्या आधीच स्पष्ट आहे. ज्या यंत्राचे दार बाहेरून उघडते, त्यात सापडलेला कागद कोणाचा, हे मालकालाही शपथेवर सांगता येत नाही.

इथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. विल्सन ह्यांच्या संगणकात शिरायला कोणाला तरी फसवी फाइल पाठवावी लागली. व्हॉट्सअ‍ॅपने ऑक्टोबर २०१९ मध्ये उघड केलेल्या पेगॅससच्या हल्ल्यात कंपनीच्या चुकीचा फायदा घ्यावा लागला. म्हणजे घुसणाऱ्याला आजवर कष्ट पडत होते. यंत्राच्या मुळाशीच काढता न येणारी सरकारी वस्तू बसवली, तर कोणाला फसवावे लागणार नाही. दार बांधतानाच चौकटीत ठेवलेले असेल. 'संचार साथी'चा हेतू वाईट होता असा पुरावा माझ्याकडे नाही आणि तसा आरोप मी करत नाही. दाराला हेतू नसतो. आज त्यातून पोस्टमन येतो. उद्या कोण येईल हे उद्याचा सत्ताधारी ठरवील, आणि परवा एखादा चोर.

जंजिऱ्यालाही मागच्या बाजूने, उघड्या समुद्राकडे, एक लहान दरवाजा आहे; त्याला दर्या दरवाजा म्हणतात. संकटात बाहेर पडण्यासाठी तो ठेवलेला. किल्ल्याला मागचे दार असणे हा दोष नव्हे. त्याची कडी आतून होती, हे महत्त्वाचे. आपल्या मोबाइलला दारे पुष्कळ आहेत. कडी मात्र बाहेरून आहे.

६

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो ह्या किनाऱ्यावर उभे राहून टाळता येणार नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतली स्फोटके ह्याच रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला उतरली. २००८ साली हल्लेखोर समुद्रातूनच आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ शस्त्रे असलेली एक बेवारस नौका लागली. मग सरकारने डोळे मिटून बसावे काय?

मुळीच नाही. पण १९९३ चा धडा नीट वाचावा. जानेवारीत दिघीच्या धक्क्यावरून निघालेला चोरटा माल पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवला होता, आणि लाचेच्या बोलीवर सोडून दिला, असे खटल्यात सिद्ध झाले. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना त्या खटल्यात शिक्षा झाल्या. किनाऱ्यावर डोळे कमी नव्हते. डोळे विकले गेले. पाहणाऱ्याला पाहणारे कोणी नव्हते, हा खरा रोग. त्यावर उपाय म्हणून कोळ्याच्या आणि बौद्धवाडीतल्या पोराच्या खिशात आणखी एक डोळा बसवणे म्हणजे रोग एकाला आणि डाग दुसऱ्याला देणे होय.

आणि आपल्या घटनेच्या शिल्पकाराला हा प्रश्न सुचला नव्हता असेही नाही. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत त्यांनी स्पष्ट मागणी केली होती की, माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू ह्यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये आणि सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन ह्यांनी ह्याच आशयाची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. तरीही ती घटनेत आली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या मागणीचा काही अंश पदरात पडला. तेव्हा खाजगीपणा हा बंगलेवाल्यांचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने एवढे लक्षात घ्यावे की, तो बाबासाहेबांची अपुरी राहिलेली मागणी परक्यांच्या नावावर चढवतो आहे.

७

मोबाइल फेकून द्या, असा ह्या लेखाचा निष्कर्ष नाही. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नव्हती. आज आपला आवाज छापायला कोणाची परवानगी लागत नाही, ती ह्याच यंत्रामुळे. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुलाचे शेवटचे पत्र गावोगावी पोचले ते मोबाइलवरून. पण ह्याच महाराष्ट्रात, शिर्डीत, २०१५ साली बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलमध्ये काय आहे हा आपल्यासाठी जिवाचा प्रश्न असतो, हे आपल्याला वेगळे शिकवायला नको.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. विकत घेतलेल्या यंत्रात मालकाला विचारल्यावाचून काही बसवू नये आणि बसवलेले काढता यावे, मग बसवणारे सरकार असो की कंपनी. पाळतीची परवानगी सचिवाने नव्हे, न्यायाधीशाने द्यावी. झडतीचे चित्रीकरण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने बंधनकारक केले आहे; त्याबरोबर, जप्त केलेल्या संगणकातल्या मजकुराची तिथल्या तिथे मोहोरबंद नक्कल आणि तिचा हॅश क्रमांक मालकाच्या हाती पडलाच पाहिजे, म्हणजे मागाहून एक अक्षर जरी बदलले तरी तो क्रमांक बदलून चोरी उघडी पडेल. आपल्या वसतिगृहांत, वाचनालयांत आणि संस्थांत, जिची आज्ञावली कोणालाही वाचता येते अशी लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम वापरायला शिकावे. तिने सगळे धोके टळत नाहीत, पण कारभाऱ्याची वही निदान उघडून पाहता येते. आणि आपल्या लेखकांनी ह्या नव्या झडतीवर लिहावे. हजेरीचे साहित्य आपण जगाला दिले. लॅपटॉप उचलून नेल्यावर त्या घरात काय उरते, त्याचे साहित्य आपल्याला अजून लिहायचे आहे.

परतीच्या बोटीवर तो मुलगा पुन्हा भेटला. मी त्याला विचारले, "तुझ्या आजोबांच्या घरात पोलीस न विचारता शिरले असते, तर तू म्हणाला असतास का, की चोरी केली नाही तर बिघडतं काय?" तो बराच वेळ खाडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबांच्या घरात ते शिरलेच होते, सर. काही सापडलं नव्हतं. तरी नेलं."

बोट आगरदांड्याला लागली. त्याने मोबाइल खिशातून काढला आणि कोणत्या अ‍ॅपला काय काय पाहायची मुभा आपण देऊन बसलो आहोत, ते एकेक करून वाचायला लागला.